पडवीतला हायड्रोजन

हे जहाजावर फिटर होते. वर्षातले आठ-नऊ महिने इंजिनरूममध्ये आणि उरलेले रत्नागिरीत, असाच आमचा संसार झाला. मी इथल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. हे सुट्टीवर आले की घरातलं काही बिघडायची वाटच बघत असायचे. मिक्सर, पंप, शेजाऱ्यांचा गीझर, काहीही चालायचं. मग एका खेपेला घरी आले आणि पुढचं बोलावणं आलंच नाही. कंपनीतला माणूस आधी "दोन महिन्यांनी बघू" म्हणायचा, नंतर फोन उचलेनासा झाला. यांचं वय तेव्हा त्रेपन्न होतं. पंचविशीतली पोरं मिळत असताना आपल्याला कोण नेणार, हे यांना कुणी सांगायला नको होतं.

पहिलं वर्ष घर दुरुस्त करण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. मी शाळेतून यायचे तेव्हा हे पडवीत खुर्चीवर बसलेले असायचे, मोबाईल कानाशी धरून. इंजिनाच्या आवाजात राहून ऐकू कमी यायला लागलं होतं, त्यामुळे व्हिडिओ बघायचा आणि मग कानाला लावून पुन्हा ऐकायचा, असं चालायचं. एका संध्याकाळी मी चपला काढत होते तर म्हणाले, "अगं, पाण्यावर गाडी चालते म्हणतात ना, ते अगदीच खोटं नाही."

पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात. तो वायू नळीने इंजिनात हवेबरोबर सोडायचा, म्हणजे पेट्रोल कमी लागतं. व्हिडिओत एवढंच होतं. आमच्याकडे जुनी पेट्रोल गाडी होती. केळशीला यांची थोरली बहीण एकटी राहते. तिच्याकडे जाऊन यायचं म्हणजे पेट्रोल बरंच जायचं, म्हणून महिनोन् महिने जाणं होत नव्हतं. "ॲव्हरेज वाढलं की दर पंधरा दिवसांनी ताईकडे जाऊ," असं म्हणत हे खुर्चीतून उठले आणि टेप घेऊन गाडीचं बॉनेट उघडून मापं घ्यायला लागले.

ते चालणार नाही हे मला त्याच मिनिटाला कळलं होतं. पाण्याचं विघटन मी दर वर्षी वर्गात करून दाखवते. त्याला लागणारी वीज गाडीच्या अल्टरनेटरमधून येणार, अल्टरनेटरला इंजिन फिरवणार, आणि इंजिन पेट्रोलवरच चालणार. जेवढं घालायचं त्याहून कमीच परत मिळणार. पण कितीतरी महिन्यांनी हा माणूस आपणहून खुर्चीतून उठला होता. मी चहा टाकायला आत गेले.

तीन आठवडे पडवीत काम चाललं. भंगारवाल्याकडून स्टीलचे पत्रे आणून यांनी ते एकाच मापात कापले, कडा घासल्या, मध्ये रबरी वॉशर घालून बोल्टने आवळले. पाण्याच्या फिल्टरचा पारदर्शक डबा असतो, त्यात ते सगळं बसवलं आणि वीज नीट वाहावी म्हणून पाण्यात खायचा सोडा टाकला. पुढे पाण्याची आणखी एक बाटली जोडली. इंजिनातून ज्वाळा उलटी आलीच तर ती त्या पाण्यात विझावी म्हणून. काम इतकं नेटकं होतं की मी शाळेतून आल्यावर आधी ते बघायचे. वायू खरंच निघतो हे दाखवायला त्यांनी साबणाच्या पाण्यात नळी बुडवली, फेसाचा एक गोळा लाकडी पट्टीवर घेतला आणि त्याला काडी लावली. एवढा मोठा आवाज झाला की समोरच्या फणसावरचे कावळे उडाले. हे हसत होते. मीही हसले.

मग एका रविवारी आम्ही चाचणी घेतली. हातखंब्याला टाकी काठोकाठ भरली, संगमेश्वरला गेलो, स्टँडसमोर चहा घेतला, परत त्याच पंपावर येऊन पुन्हा काठोकाठ भरली. लिटरमागे नेहमीपेक्षा दोन किलोमीटर जास्त पडले होते. हे पंपावरच्या माणसाला समजावून सांगायला लागले. मी गाडीत बसून राहिले. आदल्या दिवशी यांनी टायरांत हवा भरून घेतली होती, आणि एरवी ऐंशीने गाडी हाणणारे हे सबंध रस्ता पन्नासच्या वर गेले नव्हते.

दोन दिवसांनी आमच्या वाडीतले एक रिक्षावाले संध्याकाळी आले. यांचे शाळेपासूनचे मित्र. गॅसवर चालणारी नवी रिक्षा त्यांना झेपणारी नव्हती, जुनी पेट्रोलचीच चालवत होते. पडवीत बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डबा हातात घेऊन बघितला आणि माझ्याकडे वळले.

"वहिनी, तुम्ही शिकवता ह्या सगळा. खरा सांगा, माज्या रिक्षाला बसवू काय?"

हे माझ्याकडे बघत होते. "बघा, विचार करा" म्हणून मला सोडून देता आलं असतं. पण त्या माणसाचं पोट त्या रिक्षावर होतं. मी म्हटलं, "नका बसवू. याने काही वाचत नाही." एवढ्यावर थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. अल्टरनेटरचं सांगितलं, टायरांतल्या हवेचं सांगितलं, पन्नासच्या वेगाचंही सांगितलं. फळ्यासमोर उभं राहून सांगावं तसं सांगितलं.

रिक्षावाल्यांनी डबा हळूच खाली ठेवला. "बरा झाला विचारला ता," म्हणाले आणि चहा न घेताच गेले.

हे माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं तुला?"

"हो."

"मग एवढे दिवस बघत काय बसलीस?"

मी डबा उचलून कोपऱ्यात ठेवला.

पुढचे पंधरा दिवस हे पुन्हा खुर्चीवर बसले. आता मोबाईलही नसायचा. जेवायला हाक मारली की यायचे, "भाजी चांगली झाल्ये" म्हणायचे आणि उठून जायचे. डबा पडवीच्या कोपऱ्यात तसाच पडून होता. खाऱ्या हवेने एका बोल्टवर गंज धरला, तोसुद्धा यांनी पुसला नाही. मला ते बघवेना. शेवटी एक दिवस मीच म्हटलं, "खायच्या सोड्याने वायू कमी निघतो आणि पाणीही घाण होतं. पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरून बघा. मी आणून देते." मी जे बोलले होते ते खोटं नव्हतं, त्यामुळे माफी कशाची मागायची ते मला कळत नव्हतं. माझ्याकडे द्यायला रसायनच होतं.

शाळेला सामान पुरवणाऱ्या दुकानातून मी बाटली आणली. प्रमाण सांगितलं. आधी पाणी घ्यायचं, मग त्यात थोडं थोडं टाकायचं, हातात रबरी मोजे हवेत, हे सगळं सांगितलं. डोळ्यांना लावायचे गॉगल शाळेच्या कपाटात होते. "शनिवारी आणते, तोवर हात लावू नका," म्हटलं. हे नुसते "हं" म्हणाले. पण गंजलेला बोल्ट त्याच संध्याकाळी बदलला गेला.

शुक्रवारी मी शाळेतून येऊन स्वयंपाकघरात शिरले होते. पडवीतून बाटलीचं बूच उडावं तसा आवाज झाला आणि पाठोपाठ यांनी मला हाक मारली. यांनी थांबायचं नाही असं ठरवलं होतं. नळी कुठेतरी तुंबली, वायू जायला वाट नव्हती, द्रावण तापलं होतं, आणि बुडबुडे का थांबले ते बघायला यांनी तोंड जवळ नेऊन झाकण फिरवलं. कढत द्रावण सगळं चेहऱ्यावर आलं.

मी यांना ओढत मागच्या दारच्या नळाखाली नेलं. अल्कली डोळ्यात गेलं तर धुवायचं, धुतच राहायचं, हे मी मुलांना कितीदा सांगितलं आहे. डोळे उघडत नव्हते. मी बोटांनी पापण्या फाकवून धरल्या. हे ओरडत होते, मला ढकलत होते, आणि मी गुडघ्याने यांची छाती दाबून पाणी ओतत होते. आवाज ऐकून रिक्षावाले धावत आले. त्यांच्याच रिक्षातून आम्ही दवाखान्यात गेलो. वाटेतही मी बाटल्यांनी पाणी ओतत होते. रिक्षाच्या तळाला पाणी साचलं होतं.

डावा डोळा वाचला. उजव्यावर पांढरा पडदा आला. कोल्हापूरला तीनदा जाऊन आलो, तिथले डॉक्टर म्हणाले, आता यात फार काही होणार नाही.

पण मला सांगायचंय ते निराळंच. पहिल्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हे घरात आलं कुठून?" मी तोंड उघडणार तेवढ्यात दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या असलेले हे म्हणाले, "मी आणलं. हिला ठाऊकही नव्हतं." डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून एक तरी डोळा राहिला." मी गप्प बसले.

मग तीच हकिकत सगळीकडे झाली. केळशीच्या ताईंनाही यांनी फोनवर हेच सांगितलं. मी घरी एकदा म्हटलं, "अहो, लोकांना खरं काय ते सांगू या." हे म्हणाले, "तुझ्या शाळेत कळलं तर बरं दिसेल का? माझं काय, मी घरीच असतो." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

आता मी गाडी शिकले आहे. हे शेजारी बसतात. चालवणारी मी उजव्या हाताला, आणि यांचा उजवाच डोळा गेलेला. माझ्याकडे बघायचं तर सगळी मान वळवावी लागते, म्हणून सहसा डाव्या बाजूची झाडं बघत बसतात. गेल्या महिन्यात आम्ही ताईंकडे गेलो होतो. त्यांनी माझ्या ताटात भात वाढताना विचारलं, "तू एवढी शिकलेली. तू तरी सांगितलं असशीलच ना त्याला, असले उद्योग करू नको म्हणून?"

हे जेवत होते. मान वर केली नाही.

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

ताई यांच्याकडे बघून म्हणाल्या, "बायकोचं ऐकावं रे जरा," आणि आमटी आणायला आत गेल्या.