पोळपाटावरचा बर्फ

कुंदाकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर गाडी लावायला जागा शोधत होते. दिवाळी तोंडावर आलेली, दुकानांसमोर ही गर्दी, आणि पुढे एक बस अडून उभी. काकूंचा मुलगा समीर ॲरिझोनातल्या चँडलरहून बोलत होता. "मुग्धा, आई गेली... झोपेतच. व्हेरी पीसफुल. काल रात्री व्यवस्थित जेवली, दोनदा मला रागावली पण." मी गाडी तिथेच बसच्या थांब्यावर उभी केली आणि मागचे लोक हॉर्न वाजवत असताना मनसोक्त रडून घेतलं. आणि रडता रडता माझ्या मनात काय यावं? यंदा बर्फ मोजून सांगायचा कुणाला? हा प्रश्न वेड्यासारखा वाटेल, पण काकूंना ओळखणाऱ्या कुणालाही तो पटेल.

काकू मूळच्या सोलापूरच्या. मे महिन्यात जिथे माणसं ओली चादर अंगावर घेऊन झोपतात, तिथली ही मुलगी लग्न होऊन शिकागोच्या उपनगरात आली आणि बर्फाच्या प्रेमात पडली. सगळं आयुष्य हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेलेलं, त्यामुळे प्रेमातसुद्धा मोजमाप आलंच. बर्फ सुरू होण्याआधी मागच्या अंगणात, झाडापासून आणि भिंतीपासून लांब, स्वयंपाकघरातला पोळपाट नेऊन मांडायचा. शेजारी झाडूची काठी खोचायची, नाहीतर सकाळी पोळपाटच सापडत नाही. बर्फ थांबला की फूटपट्टी उभी धरून आकडा घ्यायचा. गॅरेजच्या भिंतीशी वाऱ्याने साचलेला ढीग मोजून फुशारकी मारणाऱ्यांविषयी त्यांचं मत फार वाईट होतं. टीव्हीवाल्यांविषयीही काही बरं नव्हतं, कारण ते विमानतळावरचा आकडा सांगतात. "विमानतळावर कोण राहतं गं?" त्या विचारायच्या. "आपल्या अंगणात पडलाय ना? मग हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

आमची ओळखही बर्फातच झाली. मंदारच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून आलो आणि त्यांच्या समोरचंच घर भाड्याने घेतलं. पहिल्या मोठ्या वादळानंतर सकाळी दार उघडलं तर गाडी गायब! मंदार पोलिसांना फोन लावायच्या बेतात होता, तेवढ्यात नवऱ्याचा लांबलचक कोट आणि माकडटोपी घातलेली एक ठेंगणी बाई रस्ता ओलांडून आली. कडेच्या पांढऱ्या उंचवट्यावर तिने झाडूने दोन फटके मारले, आणि आतून आमच्या गाडीचा आरसा बाहेर आला. "मराठी ना तुम्ही? मी कुंदाकाकू. तुमचा अंदाज किती होता?" "कसला अंदाज?" मंदारने विचारलं. "नवीन आहात, एकदा माफ. पुढच्या वेळी आदल्या संध्याकाळी आकडा द्यायचा. आता चला, पिठलं गरम आहे."

तो खेळ असा. वादळ येणार म्हटलं की आसपासच्या पाच-सहा मराठी घरांनी काकूंना फोन करून किती इंच पडेल ते सांगायचं. पोळपाटाच्या आकड्याच्या सगळ्यात जवळ जो असेल, त्याने दुपारच्या जेवणाचा मेनू ठरवायचा. सगळ्यात लांब जो असेल, त्याने काकूंच्या गॅरेजपुढचा रस्ता, म्हणजे ड्राइव्हवे, साफ करायचा. मंदार डेटा ॲनालिस्ट आहे. त्याच्या फोनमध्ये हवामानाची तीन ॲप्स, आणि कंपनीत म्हणे याच्या अंदाजांवर मोठेमोठे निर्णय होतात. ड्राइव्हवे मात्र दरवेळी त्याच्याच नशिबी. "काकू यार, मॉडेल तर बरोबर होतं!" असं तो म्हणायचा, आणि काकू शांतपणे म्हणायच्या, "हो ना यार. फावडं गॅरेजमध्ये आहे." एकदा आमची इरा जिंकली. सहा वर्षांची होती. "काकूआजी, आय वॉन्ट मॅगी!" झालं. कडक भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीची आशा धरून आलेल्या डॉक्टर-इंजिनियर मंडळींना काकूंनी वाडगे भरभरून मॅगी खायला लावली. नियम म्हणजे नियम.

जेवणानंतर काकांची जुन्या वादळाची गोष्ट व्हायची. ती दोघं इकडे नवीन असतानाचं वादळ. काका कारखान्यातच अडकलेले, काकू तान्ह्या समीरला घेऊन घरी, आणि शेजारची पोलिश आजी खिडकीतून सूपाचं भांडं आत देते आहे. तिला धड इंग्रजी येत नव्हतं, काकूंचंही तेव्हा जेमतेमच, पण तिने पाव कापायची फळी बर्फात ठेवून कसं मोजायचं ते दाखवलं. काकूंकडे तसली फळी नव्हती, त्यांनी पोळपाट काढला. काकांच्या तोंडी त्या वादळातला बर्फ मात्र दरवर्षी वाढत गेला. आधी तो खिडकीपर्यंत होता, मग छपरापर्यंत गेला. की लगेच स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "एकोणीस इंच!" त्यावर काका म्हणायचे, "अगं, गोष्टीत तरी थोडा जास्त पडू दे." काका गेल्यानंतरच्या हिवाळ्यात ती गोष्ट काकूंनीच सांगितली. "छपरापर्यंत होता बर्फ..." म्हणाल्या आणि थांबल्या. मग स्वतःच हसत सुटल्या, डोळे पुसत म्हणाल्या, "एकोणीस."

आणि मग एका सकाळी फूटपट्टी हातात घेऊनच त्या अंगणात घसरल्या. मी धावत गेले, तर मनगट मोडलेलं आणि बाई मला म्हणतात, "आधी आकडा बघ, मग माझा हात." समीर पहिल्या विमानाने आला. चँडलरला कॉम्प्युटर चिप्सच्या कंपनीत इंजिनियर आहे तो. आमच्या डायनिंग टेबलाशी त्याने हात जोडले. "आई, प्लीज. तिकडे आइस नाही, स्नो नाही. यू विल बी सेफ." काकू म्हणाल्या, "अरे, म्हणजे ते सोलापूरच झालं की. तिथून तर मी निघाले होते." पण मुलाचा चेहरा बघून गेल्या. पोळपाटही सोबत नेला, "तिथे पोळ्या तरी कराव्या लागतीलच ना." घर विकलं गेलं. मला मनापासून वाटलं, ही बाई तिथे सुकून जाणार. काकूंमधून बर्फ काढला की मागे काय उरतं, ते मला दिसतच नव्हतं.

त्या हिवाळ्यात पहिला बर्फ पडला आणि सकाळीच फोन. "किती?" मी म्हटलं, "टीव्हीवर सहा सांगतायत." पलीकडून जो आवाज चढला! "टीव्हीला कोण विचारतंय? तुझ्या घरी पोळपाट नाही?" तेव्हापासून माझ्या पोळपाटावर पोळ्या कमी आणि बर्फ जास्त. दर बर्फाला फोन व्हायचा. मोजलंस कुठे, झाडाखाली तर नाही ना, पट्टी सरळ धरली होतीस का, अशी उलटतपासणी, आणि आकडा मिळाला की "बरं, ठेवते" म्हणून घाईने फोन बंद. मला वाटायचं, इथली आठवण येत असेल बिचारीला. मग मीही काही ताणायचे नाही.

गेल्या आठवड्यात यंदाचा पहिला बर्फ पडला. सवयीने पोळपाट मांडला होता, सवयीनेच मोजला. साडेचार इंच. आत येऊन कोट न काढताच खुर्चीत बसले. इरा म्हणाली, "आई, जस्ट पोस्ट इट ऑन द ग्रुप." तिला काय सांगू? तो आकडा कुणी विचारलाच नाही, तर तो नुसता बर्फच राहतो. मंदारने चहा ठेवला. तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर, ॲरिझोनाचा.

"नमस्कार, मी चँडलरहून देशमुख बोलतोय. समीरकडून तुमचा नंबर घेतला." आवाज वयस्कर, मागे बराच गलका. "कुंदाताईंच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमधला मी. आम्ही सगळे पार्कात थांबलोय. ताईंनी आम्हाला दोन वर्षं तुमच्या बर्फावर खेळायला लावलंय हो! मी जन्मात बर्फात राहिलो नाही, आधी नागपूर, मग इथे. पण अंदाज द्यावाच लागतो. हरला त्याने सगळ्यांसाठी पोहे आणायचे. तर... किती?"

म्हणजे फोन ठेवायची ती घाई ह्याची होती! मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. "साडेचार," मी म्हटलं.

"पोळपाटावर ना?"

"हो काका, पोळपाटावरच."

"साडेचार!" ते तिकडे वळून ओरडले. कुणीतरी टाळ्या पिटल्या, एक बाई "बघा, मी म्हणालेच होते!" म्हणून किंचाळली, आणि कुणीतरी पोह्यांच्या नावाने कण्हलं. ॲरिझोनाच्या उन्हात, अर्ध्या बाह्यांच्या शर्टांत उभी असलेली ती मंडळी माझ्या अंगणातल्या बर्फावरून भांडत होती. देशमुखकाका पुन्हा फोनवर आले.

"पुढच्या वेळी मात्र जरा लवकर कळवत चला," ते म्हणाले. "ताईंनी आम्हाला असं कधी ताटकळत ठेवलं नव्हतं."