फत्ते म्हणण्याआधी गिनती

हिंगोली जिल्ह्यात एका शब्दाला सोन्यासारखं जपणारा एकच माणूस आहे, आणि ते आमचे थोरले साडू आहेत. शब्द आहे ‘फत्ते’. बाकीचे लोक तो चणे-फुटाण्यासारखा वाटतात. सोयाबीन विकून आलं की काम फत्ते, गॅसची टाकी मिळाली की फत्ते. पोरगं दहावीत काठावर सुटलं तरी चौकात त्याचा फोटो लागतो आणि खाली फत्ते. साडू फौजेतून हवालदार होऊन परतले आणि जवळा बाजारला शेती करतात. तेव्हापासून त्यांनी हा शब्द कुणासाठी खर्च केल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी स्वतः हिशेबाचा माणूस. बेरीज दोनदा तपासल्याशिवाय सही करत नाही. पण त्यांच्यापुढे मी उधळ्याच ठरतो.

एकदा तहसीलमधून मी त्यांना फोन केला. “भाऊ, फेरफार झाला. काम फत्ते.”

“समोर कोण होतं?”

“तलाठी.”

“त्याच्यापाशी हत्यार होतं का?”

“नव्हतं.”

“मग काम झालं म्हणा, साडूसाहेब. एवढ्यासाठी फौजेचा शब्द काहून खर्चून राहिले?”

त्यांचा नियम असा की समोर लढणारा पाहिजे आणि तो जिंकू शकेल असा पाहिजे. घेतलेली जागा रात्रभर राखता आली पाहिजे. आणि सकाळी गिनती, म्हणजे फौजेतली हजेरी, पुरी भरली पाहिजे. एवढं झाल्यावर मग तोंडातून फत्ते काढायचं. बाजारातल्या उर्दू शाळेच्या गुरुजींनी त्यांना सांगितलं होतं की हा शब्द मुळात उघडण्याचा आहे. किल्ल्याचं दार उघडलं की फत्ते. साडूंनी मान हलवली. “बराबर आहे, गुरुजी. पण दार उघडल्यावर आपले सगळे आत आले का, ते बघायला पाहिजे ना.”

हे नुसतं बोलणं नव्हे. त्यांच्या पुतण्याच्या लग्नाचं वऱ्हाड वाशीमकडून परत येताना कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर चहाला थांबलं होतं. गाडी सुटली, तसा नवरदेवाचा मामा मागून ओरडला, “लग्न फत्ते!” साडूंनी लगेच गाडी थांबवली, सगळ्यांना खाली उतरवलं आणि डांबरी रस्त्याच्या कडेला रांगेत उभं केलं. मामा कुरकुरला, “फौजी, हे वऱ्हाड आहे, पलटण न्हाई.” तरी गिनती झालीच. नव्या नवरीने पदर सावरत ‘हाजिर’ म्हटलं. एक माणूस कमी भरला. नवरदेवाचे वडील, म्हणजे साडूंचे सख्खे भाऊ, ढाब्याच्या बाजेवर गाढ झोपले होते. त्या दिवसापासून मी साडूंकडे जरा दबूनच बघतो.

त्यांनी स्वतः सीमेवरची एक चौकी घेतली आहे. दर सव्वीस जानेवारीला शाळेत हेडमास्तर ती लढाई सांगायला लावतात. साडू चढण सांगतात, बर्फ सांगतात, गोळीबार सांगतात आणि “चौकी घेतली” म्हणून खाली बसतात. एका वर्षी हेडमास्तर उत्साहाने म्हणाले, “म्हणजे फत्ते झाली.” साडू पुन्हा उठले. “न्हाई. सकाळी गिनतीत एक कमी भरला.” एवढं सांगून ते परत खाली बसले.

मागच्या वर्षी अक्कांच्या, म्हणजे साडूंच्या बायकोच्या पोटात गाठ निघाली. नांदेडला ऑपरेशन झालं. नीट झालं असं डॉक्टरांनी सांगताच नातेवाइकांच्या फोनांवर फत्तेची झोड उठली. साडू तेवढे वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर ताठ बसून होते. म्हणाले, “डॉक्टरांनी गड घेतला. अजून राखायचा आहे.”

मी भेटायला आत गेलो, तेव्हा अक्का म्हणाल्या, “एवढं पोट फाडून घेतलं, तरी ह्यांच्या तोंडून शब्द सुटंना.” बोलताना त्या हसत होत्या, पण चादरीचं टोक मुठीत घट्ट धरलेलं होतं. “डॉक्टर म्हणतात बरी आहे. ते काय, सगळ्यांनाच म्हणतात. ह्यांनी म्हटलं, की मी वाचले.”

मी बाहेर येऊन साडूंना म्हणालो, “म्हणून टाका की एकदा. त्यांचा जीव अडकलाय.”

“खोटं बोललो तर ती ओळखंल,” ते हळू आवाजात म्हणाले. “मग तिनं भरवसा कशाचा धरायचा?”

अक्का घरी आल्या, त्या दिवशी संध्याकाळी अंगणात गिनती झाली. मी, माझी बायको, त्यांची लेक, जावई, सगळे हाजिर. शेवटी अक्का बारीक आवाजात म्हणाल्या, “हाजिर.” आम्ही साडूंच्या तोंडाकडे बघत राहिलो.

“रात निघू द्या,” ते म्हणाले.

“बघ तुझे दाजी,” अक्का माझ्या बायकोला म्हणाल्या आणि भिंतीला धरत आत गेल्या.

सकाळी कुणाचं न ऐकता अक्कांनीच चहाचं आधण ठेवलं. साडू अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“अगं.”

“ऐकून राहिले.”

“फत्ते. तुझी. आमी नुसते बाकड्यावर बसून होतो.”

अक्कांनी मागे वळून पाहिलं नाही. “सरका तिकडं, दूध उतू चाललंय,” त्या म्हणाल्या. दूध अजून चुलीवर चढलंच नव्हतं.

थोड्या वेळाने मी चहा घेऊन साडूंना शोधत बाहेर गेलो. ते गोठ्यामागे शेताकडे तोंड करून उभे होते आणि पुटपुटत होते. जवळ गेल्यावर कळलं, ती नावं होती, त्यांच्या जुन्या तुकडीतली. प्रत्येक नावापुढे ते स्वतःच ‘हाजिर’ म्हणत होते. एका नावाशी मात्र ते थांबले. समोरून उत्तर यायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ त्यांनी वाट पाहिली.

हातात चहा धरून मीही थांबलो.