दाराच्या घडीतलं ॲसिड

बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि शेजारी टेकवलेल्या गाडीच्या दारावरून नारळाचं पाणी ओघळत होतं. मी जेवणाचा डबा हातात घेऊन तशीच उभी राहिले. सुमनबाई निरांजन ओवाळत होत्या. त्यांच्या मागे आमचा पेंटर शिंदे हात जोडून, डोळे मिटून उभा होता. त्याच्याकडे मी नंतर बघणारच होते.

एका कारखान्याच्या पेंट शॉपमधून मी रिटायर झाले. घरी बसवेना, म्हणून सिन्नरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये छोटी शेड घेतली. जुन्या गाड्यांच्या पत्र्याचा गंज काढायचा आणि तो परत येणार नाही अशी व्यवस्था करायची, एवढंच माझं काम. रंग कुणीही मारतं. रंगाखाली काय आहे, त्यावर गाडीचं आयुष्य ठरतं.

ही गाडी नामपूरच्या कांदा व्यापारी प्रवीणची. खरं तर त्याच्या वडिलांची, आबांची. जुनी अँबॅसिडर, बरीच वर्षं गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी असलेली. आबांचं हृदय थकलं होतं. उपचारासाठी ते आणि प्रवीणची आई सुमनबाई नाशिकला पंचवटीत लेकीकडे राहत होते. डॉक्टर पुढचं काही बोलत नव्हते, आणि त्यातूनच प्रवीण काय ते समजला होता. दसऱ्याला गाडी लेकीच्या दारात यावी आणि आबांनी एकदा स्टीअरिंगवर बसावं, एवढंच त्याचं मागणं. बॉडी रंगून तयार होती. दारं, बॉनेट आणि डिकी बाकी होती. त्या दिवशी ललितापंचमी, म्हणजे दसरा तोंडावर आलेला.

गंज निघाला की आम्ही पत्रा फॉस्फेटच्या टाकीत बुडवतो. त्यावर करडा, खरबरीत थर बसतो. प्रायमर त्याला घट्ट धरून राहतो. पण प्रायमर लागेपर्यंत हा थर मोठा हावरट असतो. मिळेल ते पितो, हाताचा घामसुद्धा. म्हणून आम्ही हातमोजे घालतो. नारळाच्या पाण्यात क्षार असतात. ते रंगाखाली राहिले की ओल धरतात, आणि रंगाला फोड येतात.

हे सगळं मी सुमनबाईंना जरा चढ्या आवाजात समजावलं. जरा म्हणजे बऱ्याच.

"हळदीकुकूमा काय वाईट शे, माय?" त्यांनी अहिराणीत हळूच विचारलं. "गाडीले नजर लागाले नको."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. पंचवटीतून बस बदलत, ताट सांभाळत ती बाई आली होती. मला माझीच लाज वाटली, पण पत्र्याला लाजेचं काय? सगळा लॉट पुन्हा धुऊन पुन्हा टाकीत घालायचा, असं ठरवलं. लॉट एकत्रच जातो, म्हणून ज्या दारांना थेंबही लागला नव्हता तीही थांबवली. शिंदेला स्प्रे गन धुऊन ठेवायला सांगितलं. देवाच्या कामाला नाही कसं म्हणणार मॅडम, असं त्याचं म्हणणं. मलाही म्हणता आलं नसतं, पण हे मी त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली तर दारांच्या खालच्या कडेला तपकिरी रेघ. चारपैकी तीन दारांना. पूजेशी याचा काही संबंध नव्हता.

गाडीचं दार दोन पत्र्यांचं असतं. बाहेरच्या पत्र्याची कड आतल्या पत्र्यावर दुमडून दाबतात, करंजीची कड मुडपतात तशी. त्या घडीतून काहीतरी झिरपत होतं. लिटमसची निळी पट्टी लावली. ती लाल झाली. ॲसिड.

प्रवीणला फोन केला. माझ्याकडे आणण्याआधी, वेळ वाचावा म्हणून, त्याने दारं कुठेतरी ॲसिडच्या टाकीत बुडवून घेतली होती. ॲसिडने गंज झटक्यात जातो, पण घडीत शिरलेलं ॲसिड पाण्याने धुऊन सहज निघत नाही. आम्हीही पट्टी लावून तपासलं होतं. पट्टी घडीच्या आत जात नाही. आदल्या दिवशी प्रायमर लागला असता तर ते ॲसिड आत कायमचं बंद झालं असतं. वरून आरसा आणि आतून चाळण.

दुपारी प्रवीण आईला घेऊन आला. दारं बघून म्हणाला, "मॅडम, याच्यावर तसाच रंग मारला तर किती टिकेल?"

"एखादा पावसाळा. फार तर दोन."

"मग मारा. आबांना पुढच्या पावसाळ्याचं काय करायचंय?"

माझ्या धंद्यात याचं उत्तर सरळ आहे: असा रंग मारायचा नाही. आयुष्यभर मी माल रिजेक्ट केला. पण असं कारण घेऊन समोर कधी कुणी आलं नव्हतं.

सुमनबाई स्टुलावर बसल्या होत्या. आपल्या हातून काम बिघडलं असं कालपासून त्यांच्या मनात होतं. त्याच बोलल्या.

"गाडी घर येत नही, तं यासले गाडीजोडे लई येऊत." आबांनाच गाडीपाशी घेऊन येऊ, असं त्यांचं म्हणणं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू दरवाजा नीट कर. गाडी काय एक दसरानी शे का?"

तेव्हा मी त्यांना सांगितलं की बिघडलं काहीच नाही, उलट त्यांच्या नारळाने दारं वाचवली. त्यांना वाटलं मी समजूत घालतेय. मी लाल पट्टी दाखवली, आधीची निळी दाखवली. देवीला श्रेय द्यायला माझी केमिस्ट्री तयार नाही, पण सुमनबाईंना द्यायला काहीच अडचण नव्हती.

दसऱ्याला शेड उघडली. जावयाने आबांना आणलं. त्याने आणि प्रवीणने धरून त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं.

"दरवाजा नहीत ते बरं शे," आबा म्हणाले. "बसाले सोपं."

स्टीअरिंगजवळच्या दांड्याने त्यांनी एकेक करून सगळे गिअर टाकून पाहिले. सुमनबाईंनी त्यांच्या हातात आपट्याची पानं ठेवली. त्यातलं एक आबांनी मला दिलं. मी वाकून नमस्कार केला. मला चष्मा पुसावा लागला, त्याला शेडमधली धूळ कारण नव्हती.

दारांचं काम मग सावकाश झालं. सोड्याच्या पाण्यात भिजवणं, गरम पाण्याने धुणं, भट्टीत वाळवणं, पट्टी लावणं. झिरपणाऱ्या पाण्याने पट्टीचा रंग बदलेनासा झाला, तेव्हा फॉस्फेट आणि प्रायमर. घडीवर सीलर, आतून मेणाचा फवारा. दाराच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, ती मोकळी ठेवली. तुमच्याही गाडीची मोकळी ठेवा.

दिवाळीच्या पाडव्याला गाडी पंचवटीत गेली. आबांनी दार लावून पाहिलं, उघडलं, परत लावलं. थंडी सरता सरता ते गेले. तोवर बऱ्याच संध्याकाळी प्रवीणची बहीण त्यांना याच गाडीतून गंगेपर्यंत, म्हणजे गोदावरीच्या घाटापर्यंत, फिरवून आणायची. पावसाळा संपल्यावर प्रवीणने दारांच्या खालच्या कडांचे फोटो पाठवले. कुठे डागही नाही. गाडी आता नामपूरला असते आणि सुमनबाई तिच्यातूनच बाजाराला जातात.

आमच्याकडे आता प्रत्येक दार प्रायमरआधी एक रात्र नुसतं उभं राहतं. गिऱ्हाइकं उशीर का म्हणून विचारतात. दार वाळतंय, असं मी सांगते. ते खरं नाही. आत काही राहिलं असेल तर ते बाहेर यायची आम्ही वाट बघत असतो. पेंट शॉपमधल्या इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. सुमनबाईंचे आभार मी त्या दिवशी घाईत मानले. इथे नीट मानते.