शिदोरीची वेलांटी

नलिनीकाकू गेल्याचा मेघनाचा फोन आला, तेव्हा दुःखाच्याही आधी मनात आलं ते हे, की आता त्यांना सांगायचं राहूनच गेलं. त्यांच्या दुकानाच्या पाटीचं माप मी चुकवलं होतं आणि तीन वर्षं ती चूक दुसऱ्याच्या नावावर राहू दिली होती. काकूंबद्दल मला अभिमानानं लिहायचं आहे. पण हे आधी लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

काकू नागपूरच्या. लेकीकडे, मेघनाकडे, अमेरिकेत चँडलरला आल्या आणि साठी उलटल्यावर त्यांनी इथे पोळीभाजीचं दुकान काढलं. नाव ठेवलं 'शिदोरी'. दुकान रस्त्यापासून बरंच आत, एका टायरच्या दुकानामागे. पाटी ठसठशीत नसेल तर गाडीतून जाणाऱ्याला दिसणारच नाही. इथला नियम असा, की पाटीवरच्या अक्षरांची उंची दोन फुटांहून जास्त नको. मी मेघनाचा शेजारी, कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात काम करणारा, केसाहून बारीक रेषा मोजणारा माणूस. "ड्रॉइंग मी करून देतो काकू," मीच म्हणालो. आणि शाळेत वहीच्या रेघेला शिरोरेषा टेकवून अक्षर खाली काढायची सवय हाताला इतकी, की मी दोन फूट मोजले ते शिरोरेषेपासून खाली. वेलांट्या आणि मात्रा वर राहिल्या, मापाबाहेर. पाटी बनवणाऱ्या हेक्टरला देवनागरी येत नव्हती. त्यानं माझ्या ड्रॉइंगबरहुकूम पाटी केली, सुरेख केली.

पाटी लागल्यावर शहराचा इन्स्पेक्टर टेप घेऊन आला. त्यानं वेलांटीच्या टोकापासून मोजलं. पाटी उतरवा, नाहीतर नियमातून सूट मागा, अशी नोटीस आली. काकूंनी मला विचारलं, "काऊन रे समीर, असं कसं झालं?"

"हेक्टरचं काहीतरी चुकलं असेल," मी म्हणालो... एवढंच. काकूंनी ते खरं मानलं.

मग प्रकरण लवकर मिटावं म्हणून मी सुचवलं, वरचा भाग कापून टाकू, इथे कोणाला कळतंय.

"वेलांट्या कापल्या, मात्रा कापली, तर पुढे नुसता दांडा अन् 'शदारा' राहते बाप्पा," काकू म्हणाल्या. "शदारा म्हणजे काय, असं गिऱ्हाईक विचारंल, तर सांगायला तू येशील काय?"

सूट देणाऱ्या मंडळासमोर सुनावणी झाली. मी दोन पानी इंग्रजी भाषण लिहून दिलं होतं. ते काकूंच्या पर्समधून बाहेरच आलं नाही. त्यांनी सोबत खाकी कागद आणला होता, त्यावर पाटीएवढा मोठा शब्द स्वतः काढलेला. अध्यक्षांनी विचारलं, सगळी अक्षरंच थोडी लहान केली तर? काकू म्हणाल्या, लहान केली तर रस्त्यावरून दिसणार नाहीत, दुकान टायरच्या मागे आहे. मग त्यांनी कागदाची वरची पट्टी दुमडली. त्यांच्या इंग्रजीत, सावकाश, म्हणाल्या, "सर, आता हा शब्दच नाही. तुमच्या 'आय' अक्षरावर टिंब असतं ना? ते काढून तुम्ही नाव लिहाल का?" अध्यक्ष हसले, त्यांचं नाव फिलिप, त्यात दोन 'आय'. सूट द्यायला पाचही सभासदांनी हात वर केले. बाकावर मी ताठ बसलो होतो, जणू माझीच आई जिंकली होती. बाहेर पार्किंगमध्ये काकू एवढंच म्हणाल्या, "तुझं भाषण चांगलं होतं रे, पण ते तुझं होतं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्यांच्या आनंदावर विरजण कशाला घाला, असं स्वतःला समजावलं. खरं तर मला त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

काकू गेल्यानंतर महिन्याभरानं पाटीतले दिवे गेले. दुकान आता मेघना सांभाळते. मी म्हटलं, हेक्टरला बोलव. ती सहज म्हणाली, "नको रे. आई म्हणायची, तो मापात चुकतो. आम्ही दोघा-तिघांना तसं सांगितलंही आहे."

मी तिला तिथेच सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी जुनं ड्रॉइंग घेऊन मी हेक्टरच्या वर्कशॉपमध्ये गेलो. त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं. मी कागद टेबलावर पसरला, शिरोरेषेवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "हेक्टर, मी इथून खाली मोजलं. तू अगदी बरोबर बनवलं होतंस. चूक माझी होती आणि मी तुझं नाव सांगितलं. नलिनीकाकू तुला चुकलेला समजूनच गेल्या, ते माझ्यामुळे. मला माफ कर."