लाल गाडीचा ताप

माझ्या जुन्या, दोन सीटच्या लाल स्पोर्ट्स कारला एकच खोड होती. ती तापायची. मालवणातून निघाली की कुंभारमाठच्या चढावर काटा टोकाला जाई, बॉनेटखालून वाफ निघे आणि मी कडेला उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात करी, जणू देखावा बघायलाच थांबलोय. शेवटी बायकोने निकाल दिला. गोव्याचा एक गृहस्थ गाडी विकत मागत होता.

"आयतवारी तो येता. त्याच्या आधी ही न थांबता कसाल गावाक पोचली, तर ठेवा. नायतर देऊन टाका."

मी मिस्त्रींना गाठलं. मिस्त्री म्हणजे बंदरावर मच्छीमारी बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे म्हातारबुवा. इंजिन पाण्यावरचं असो की रस्त्यावरचं, माझा भरवसा त्यांच्यावरच. त्यांनी गळका रेडिएटर काढून मोठा ॲल्युमिनियमचा बसवला, सगळे पाइप बदलले, आणि पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्याच्या जागी विजेवरचा झोकदार पंखा लावला.

शुक्रवारी इंजिन घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, अर्धा तास चालू ठेवलं. काटा मध्यावर, साधूसारखा शांत. मी ऐटीत निघालो. कुंभारमाठला वाफ.

गाडी निवू दिली, परत आणली, खळ्यात चालू ठेवली. थंड. पुन्हा रस्त्यावर नेली. वाफ.

"उबी ऱ्हवली काय थंड, धावली काय गरम," मिस्त्री डोकं खाजवत म्हणाले. "वारो लागान तापणारी वस्तू मी पयलीच बघतंय."

आम्ही चक्रावलो. त्यांनी पंप खोलून बघितला, थर्मोस्टॅट बदलला. मी पेट्रोलवर संशय घेतला, मग चढावर, मग स्वतःच्या वजनावर.

"मगे खळ्यातच बसान फिरा," बायको म्हणाली. "पेट्रोल तरी वाचात."

शनिवारी सकाळी मिस्त्रींना आठवलं की बोटीत नवं इंजिन बसवलं की ते गाऱ्हाणं घालतात, ते इथे राहूनच गेलं. गाऱ्हाणं म्हणजे नारळ ठेवून देवाला आपली अडचण मोठ्याने सांगायची आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. इंजिन चालू केलं, गाडीपुढे नारळ ठेवला, समोरच्या जाळीत उदबत्ती खोवली.

"बा देवा म्हाराजा," मिस्त्रींनी सूर लावला, "ह्या गाडयेच्या पोटात जी काय आग आसा, ती भायर काढ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी गरजलो.

गाडीसमोर उभ्या असलेल्या बायकोने होकार भरला नाही. ती डोळे चोळत होती.

"मिस्त्रीनू, धूर माझ्या डोळ्यांत कित्याक येता?"

"वारो आसात."

"झाडाचा पान हलना नाय."

मिस्त्रींनी जाळीसमोर तळहात धरला. पंखा वारा आतून बाहेर फेकत होता. बोटीत इंजिनाच्या खोलीतली गरम हवा बाहेर टाकायला पंखा असतो. बसवताना हा पंखा हवा आत ओढतोय, हे बघून मिस्त्रींना तो चुकीचा वाटला आणि त्यांनी तारा उलट जोडल्या होत्या. गाडी उभी असताना तेवढ्याने निभावत होतं. धावू लागली की समोरचा वारा आणि पंख्याचा वारा रेडिएटरवर एकमेकांना अडवत बसायचे.

"बोटीत तसोच लावतंत," मिस्त्री पुटपुटले आणि त्यांनी तारा बदलल्या. धूर मुकाट्याने गाडीत शिरला.

दुपारी बायको शेजारच्या सीटवर बसली, चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशी काट्याकडे बघत. कुंभारमाठचा चढ गेला. आम्ही कुठेही न थांबता कसालला पोचलो. तिने उतरून बॉनेटवर हात ठेवला आणि गोव्याला फोन लावला.

"उद्या येऊ नका. गाडी द्यायची नाही."

मी आनंदाने हात पसरले. त्यांतल्या एका हातातली चावी तिने काढून घेतली.

"परत जाताना मी चलयतलंय."

तेव्हापासून काट्यावर लक्ष ठेवणं माझ्याकडे आहे. काटा हलत नाही. त्यामुळे त्या सीटवर बसून मी नेमकं काय करायचं, हे मला अजून समजलेलं नाही.