भुईकाट्यावर वंदी

आधीच माफी मागतो. शाळा सहावीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि शब्दही साधेच येतील. पण घोटाळा मी असा केलाय, की शिकलेल्या माणसाला जमायचा नाही! चहा गार होऊ द्या, पण वाचा.

माझी भाची वंदी तेव्हा बारा वर्षांची. सातवीच्या स्कॉलरशिपला बसलेली. पोर हुशार, पण तिला अर्धशिशी! एका बाजूचं डोकं ठणकायचं, उजेड सोसायचा नाही, उलट्या व्हायच्या. दिवसभर अंधाऱ्या खोलीत गोधडीखाली पडून राहायची. आणि परीक्षा आली आठवड्यावर. नेमकं त्याच दिवशी डोकं उठलं तर? वर्षभराचा अभ्यास पाण्यात!

एसटीच्या वासानं तिला मळमळायचं, म्हणून चोपड्याला डॉक्टरांकडे मी एकटाच गेलो.

"लहान मुलांना औषध वजनावर द्यावं लागतं," डॉक्टर म्हणाले. "वजन किती तिचं?"

आता मला काय माहीत? मी कापसाच्या गाडीवरचा माणूस. वजन म्हटलं की मला क्विंटलच आठवायचे!

"आणतो साहेब," म्हणालो आणि पळालो.

गावाजवळ कापसातून सरकी वेगळी काढायचं जिन होतं. आता ते बंद पडलंय, पण थंडीतलं ते कोवळं ऊन, हवेत उडणारी रुई आणि सरकीचा वास अजून आठवतो. तिथं भुईकाटा होता. आमची पद्धत सोपी. भरलेली गाडी काट्यावर घालायची, मग रिकामी घालायची. वजाबाकी करा, तो तुमचा माल.

वंदीला गाडीत बसवलं. कासरा धरून मी पुढे बसलो. काट्यावरचे नाना ओरडले, "काय रे, आज इतलाच माल?"

"नाना, भाची शे मनी!"

माल नाही, माझी भाची आहे म्हटल्यावर सगळे हमाल हसले. वंदीनं फ्रॉकच्या बाहीत तोंड लपवलं. मी तर तिच्याहून जास्त लाजलो! पहिलं वजन झाल्यावर तिला उतरवायला खाली आलो, आणि लोक हसतात म्हणून परत गाडीत चढलोच नाही. रिकाम्या गाडीचं वजन झालं. वजाबाकी मी स्वतः केली. दोनदा केली! पंचाहत्तर किलो.

शंका आली का? छे! गव्हाचं पोतं शंभर किलोचं. त्याहून पोर कमीच भरली, म्हणजे बरोबरच असणार.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चष्मा काढला. "बारा वर्षांची पोर, पंचाहत्तर? काय घालता रे खायला? तूप बंद, भात बंद, तळलेलं बंद, संध्याकाळचं जेवण अर्धं. आणि बघितल्याशिवाय मी गोळी देणार नाही. घेऊन ये तिला!"

घरी येऊन अक्काला सांगितलं. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, वंदीची आई. तिनं कपाळावर हात मारला. "बठ्ठं बंद? मंग पोरनी खावानं काय?"

पण डॉक्टरांचा शब्द! म्हटलं, जरा वजन उतरू दे, मगच पोरीला त्यांच्यापुढे न्यावं. चार दिवस वंदीला अर्धी भाकरी आणि वरणाचं पाणी. त्या चार दिवसांत डोकं दोनदा उठलं. मी आपला तिला धीर देतोय, "वजन उतरलं का बरं वाटेल, बेटा." पोर माझ्याकडे असं बघायची, की अजून आठवलं तरी लाज वाटते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिला गाडीत गोधडीवर बसवून चोपड्याला नेलं. डॉक्टरांनी तिच्या मागे, दाराकडे वाकून बघितलं.

"आणि ती जाडी कुठंय?"

"हीच ती, साहेब."

त्यांनी तिला आपल्या काट्यावर उभं केलं. तीस किलो! मग मी भुईकाट्याची सगळी हकीकत सांगितली.

"पहिल्या वजनाला गाडीत अजून कोण होतं?"

मी चपलेकडे बघत म्हणालो, "मी होतो..."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"खाली."

बाहेर बसलेले पेशंटसुद्धा हसायला लागले. डॉक्टर मात्र चिडले. "अरे, उपाशी राहिलं की हे डोकं आणखी उठतं! आणि तू पंचेचाळीस किलोचा बाप्या! उपाशी कोणाला ठेवलंस, तर हिला?"

वंदीनं हळूच विचारलं, "डॉक्टर, मग आता मी जेवू का?"

तेव्हा कुठे ते हसले. तिच्या वजनाच्या मापानं लहान गोळ्या दिल्या. "डोकं ठणकायला लागलं की लगेच एक. वाढायची वाट बघायची नाही. दुसरी लागली तर मला विचारून."

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदी पोटभर जेवून पेपरला बसली. मी शाळेच्या फाटकाजवळ लिंबाखाली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात गोळी. आता चूक नाही!

तेवढ्यात एक मास्तर बाहेर आले. "काय हो, गोळी हातात धरून काय बसलात? डोकं दुखतंय?"

मास्तरांचा आवाज ऐकला की मी अजून सहावीतलाच होतो. तोंडातून निघून गेलं, "हो सर."

"मग घ्या की! वाट कसली बघताय?"

आणि ते समोरून हलेचनात! काय करणार? घेतली.

पेपर सुटला. वंदी उड्या मारत आली. मी घाबरत विचारलं, "डोकं?"

"दुखायला लागलं होतं मामा. लगेच गोळी घेतली, थांबलं."

"कोणती गोळी?"

"आईनं कंपासपेटीत दिली होती ना! म्हणाली, मामाच्या भरवशावर राहू नको."