सिस्टरांच्या हातचं पाणी

सुलोचना सिस्टर गेल्याचं धाकट्या दिरांनी फोनवर एका वाक्यात सांगितलं आणि लगेच पुढचं काढलं, "रविवारी शोकसभा ठेवलीय वहिनी. तुमी दोन शब्द बोला, तुमचं लई होतं त्यांच्याशी." लई होतं... काय होतं ते मी सभेत बोलले नाही. महिना उलटला, आता लिहिते आहे.

सभा दूध संस्थेच्या हॉलमध्ये झाली. दीर आता संस्थेचे चेअरमन, म्हणून पहिला मान त्यांचा. म्हणाले, "सिस्टरांनी हगवणीच्या लेकराला स्वतःच्या हातानं कधी पाणी पाजलं न्हाय. आईलाच शिकवलं, आईलाच करायला लावलं. ह्याला म्हणतेत दूरदृष्टी!" टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! सिस्टरांच्या मीठ-साखरेच्या पाण्यावर जगलेली आणि आता टक्कल पडलेली पोरं पुढच्या रांगेत बसून टाळ्या पिटत होती. मला हसू आलं आणि किळसही आली. कारण ती दूरदृष्टी आमच्याच ओसरीवर जन्माला आली होती आणि तेव्हा मी तिथं होते.

ऐंशीच्या आसपासचं दुष्काळाचं साल. वाशी तालुक्यातल्या आमच्या गावाला पाण्याचा टँकर दोन दिवसांआड यायचा, दुधाचा टेंपो मात्र रोज. सासरे तेव्हा चेअरमन. सिस्टर आरोग्य उपकेंद्रावर नव्या आलेल्या, बौद्ध घरातल्या, तिशीच्या आतबाहेर, आणि जिभेला धार. बाळंतिणीचा पहिला चीक मातीत पिळून टाकायची आमच्याकडे रीत. त्यावर त्या सासूबाईंना म्हणाल्या होत्या, "गाईच्या चिकाचा खरवस करून खाता अन् लेकराचा चीक मातीत घालता. तुमच्या घरी वासरू होऊन जन्मावं माणसानं." सासूबाईंनी त्यांना तोंडाळ ठरवून टाकलं.

माझी वैशाली चौदा महिन्यांची असताना तिला हगवण लागली, सोबत उलट्या. आमच्या घरातलं शहाणपण असं, की हगवण लागली की पाणी तोडायचं. "आत गेलं की भाईर येतंय, मग द्यायचं कशाला?" सासूबाई म्हणाल्या. ज्या गावात हंडाभर पाण्यासाठी डोकी फुटत होती, तिथं आम्ही सुकत चाललेल्या लेकराचं पाणी अक्कलहुशारीनं तोडलं. मीही तोडलं. चांगली मॅट्रिक झालेली होते मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर आपणहून आल्या आणि ओसरीच्या पायरीवर बसल्या. वैशालीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती लवकर खाली बसेना. "रडतीय, पर डोळ्यात टिपूस न्हाय. बघितलं का?" त्यांनी पिशवीतून नाव घातलेला स्टीलचा पेला काढला, बाटलीतलं उकळलेलं पाणी ओतलं, मीठ-साखर कालवली आणि चमचा लेकराच्या ओठाशी नेला. तेवढ्यात सासरे खाकरले. "सिस्टर, तुमी नुसतं सांगा. आमची सून करंल. तुमच्या हातचं नको."

हेच सासरे रोज सकाळी बौद्धवाड्यातल्या, सिस्टरांच्या भाऊबंदांचं दूध आमच्या दुधाच्याच कॅनमध्ये ओतून घ्यायचे. तिथं ते फक्त फॅट बघायचे. नाडी बघायला, सुई टोचायलाही सिस्टरांचा हात चालायचा. बाटत होतं ते पाणी तेवढं! आणि मी, त्या लेकराची आई, खाली मान घालून उभी होते.

सिस्टरांनी सासऱ्यांकडं बघितलं, पेल्यातलं पाणी आमच्यासमोर घटाघटा स्वतः प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, साबणानं हात धुवा. पाणी उकळून गार करा. तुमच्या हातचं तर चालंल?" पायरीवरून त्या सांगत गेल्या, मी करत गेले. पेलाभर पाण्याला चमचाभर साखर, चिमूटभर मीठ. "आधी तुमी चाखा. डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर फेकून द्या. चमचा-चमचा पाजा. ओकली तर दहा मिनटं थांबा, पर परत पाजा. अंगावरचं दूध तोडू नका. गुंगली, प्यायना झाली, तर माझी वाट बघू नका, दवाखाना गाठा."

त्या संध्याकाळपर्यंत हलल्या नाहीत. दिवे लागायच्या सुमाराला वैशालीनं माझी मांडी ओली केली आणि भोकाड पसरलं. या वेळी गालावर पाणी होतं. "आता रडू द्या तिला," सिस्टर उठत म्हणाल्या. निघताना त्यांनी प्यायला पाणी मागितलं. मी तांब्या आणला आणि वरून धार धरली, त्यांच्या ओंजळीत... माझं लेकरू वाचवणाऱ्या बाईच्या ओंजळीत. तसं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी कुणाच्याच दारात तो पेला काढला नाही. पायरीवर बसून आईलाच सांगायच्या. गावानं टाळ्या वाजवल्या ती दूरदृष्टी ही एवढीच.

पुढं आमचं येणं-जाणं वाढलं. लेकरांच्या लसी, वजनं, "डाळीचं वरचं पाणी काय देता, डाळ द्या कुस्करून", सगळं मी त्यांना विचारूनच केलं. वैशालीची दोन्ही बाळंतपणं त्यांच्या सल्ल्यानं निभावली. पण त्यांच्या घरी चहा पुढं आला की मी म्हणायचे, आज उपवास आहे. सासू-सासरे जाऊन वर्षं झाली, तरी उपवास आहे. एकदा त्या म्हणाल्या, "तुमचे लई उपवास हो, बाई. देव कट्टाळला असंल." मी हसण्यावारी नेलं. त्या हसल्या नव्हत्या.

सभेतून उठून मी थेट त्यांच्या घरी गेले. मांडणीवर तो पेला होता, घासून घासून नाव पुसट झालेला. त्यांची लेक संगीता बाहेर आली. आईच्या आजारपणानं वाळली होती बिचारी. म्हणाली, "काकू, उन्हाचं आलाव. पाणी देऊ का... का उपवास आहे आज?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. इतक्या वर्षांत तिला ते खरंच वाटत आलं होतं.

"दे," मी म्हणाले. तिनं मांडणीवरचा हाताला आला तो, सिस्टरांचाच पेला भरून दिला. मी तोंड लावून सगळा प्यायले. साधं नळाचं पाणी होतं. तेवढं प्यायला मला सिस्टर मरेपर्यंत वेळ लागला.